आपलीच साक्ष देणारे यंत्र

तुळजापूरच्या वाटेवरची आराधी गाणी, गोंधळातले संबळ आणि झांज, घरातल्या आजीच्या ओव्या. हे सारे घरच्या घरी मुद्रित करावे, आणि तेही जुन्या पद्धतीने, स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर, असे वाटणारी हौशी मंडळी धाराशिव जिल्ह्यातही असणार. अशा जुन्या यंत्राची खरेदी बहुधा एकाच रीतीने होते. विकणारा फीत चढवतो, घेणारा मायक्रोफोनसमोर ‘हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणतो, फीत मागे घेऊन ऐकतो. आवाज जसाच्या तसा उमटला की सौदा ठरतो. ही परीक्षा आम्हांला सदोष वाटते. यंत्राचे जे दोष सर्वांत घातक, नेमके तेच तिच्यात सापडत नाहीत.

पहिला दोष वेगाचा. घरगुती यंत्रांत फीत सेकंदाला ९.५ किंवा १९ सेंटिमीटर वेगाने सरकते. काही यंत्रांतील मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिकडचे असे यंत्र इकडे आणले तर ट्रान्सफॉर्मर लावून विजेचा दाब ११० व्होल्टपर्यंत उतरवता येतो, वारंवारता मात्र बदलत नाही. परिणामी फीत ५/६ वेगाने चालते. पण मुद्रण ५/६ वेगाने आणि ऐकणेही ५/६ वेगानेच! दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि आपला आवाज आपल्याला बरोबरच वाटतो. दुसरीकडे योग्य वेगाने भरलेली फीत लावली की बिंग फुटते. ५१२ हर्ट्झचा नाद ४२७ हर्ट्झवर येतो, पांढरी पाचमधले गाणे पांढरी तीनमध्ये उतरते आणि ४८ मिनिटांचा कार्यक्रम सुमारे ५८ मिनिटे चालतो.

दुसरा दोष हेडच्या तिरकेपणाचा. हेडमधली बारीक फट फितीच्या दिशेशी काटकोनात असावी लागते. झांजेच्या झणत्कारात १०,००० हर्ट्झच्या आसपासचे घटक असतात. १९ सेंटिमीटर वेगाला अशा नादाची फितीवरची तरंगलांबी वेग भागिले वारंवारता, म्हणजे १९ मायक्रॉन. ध्वनीचा पट्टा २ मिलिमीटर रुंद धरला, तर हेडच्या पाव अंश तिरकेपणाने पट्ट्याच्या दोन कडांमध्ये सुमारे ९ मायक्रॉनचा फरक पडतो. ही झाली जवळजवळ अर्धी तरंगलांबी, झणत्कार मंदावतो. ९.५ सेंटिमीटर वेगाला तोच फरक जवळजवळ पूर्ण तरंगलांबीएवढा होतो आणि झणत्कार नाहीसाच होतो. इथेही तिरक्या हेडने भरलेली फीत त्याच तिरक्या हेडवर छान वाजते. दुसऱ्याने भरलेली मात्र गोणपाटाआडून आल्यासारखी ऐकू येते.

म्हणजे यंत्राला त्याच्याचबद्दल विचारले, तर ते आपल्याच बाजूने साक्ष देते. मोजमापाचा पहिला नियम, पडताळणीचे माप बाहेरचे असावे, इथे मोडलेला असतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. निकामी फितीच्या पाठीवर पांढऱ्या पेन्सिलीने ३८१ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. यंत्राने वेग घेतल्यानंतर एक खूण हेडसमोरून गेल्यापासून दुसरी जाईपर्यंतचा वेळ मोजा. १९ सेंटिमीटरच्या (काटेकोरपणे १९.०५) वेगाला तो २० सेकंद यावा. २४ आला, तर यंत्र ६० हर्ट्झचे समजावे. हेडसाठी दुसऱ्या चांगल्या यंत्रावर भरलेली फीत सोबत न्यावी. पण ती मोलाची नसावी, कारण चुंबकित झालेले हेड फितीवरचे उंच नाद कायमचे पुसू शकते.

नव्या मुद्रणासाठी हे यंत्र घ्यावे का? आमचे मत नकारार्थी आहे. घरगुती स्पूलयंत्रात आवाज आणि फितीची खरखर यांतील अंतर फार तर ६० डेसिबलच्या आसपास असते. १६ बिटांच्या अंकीय मुद्रणात ते सुमारे ९६ डेसिबल. ‘टेपचा आवाज अधिक खरा’ हे म्हणणे आवडीचे आहे, मोजमापाचे नव्हे.

मात्र जुन्या फिती वाचण्यासाठी या यंत्राला पर्याय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. ध्वनिमुद्रित झाल्या त्या काही हजारच. शब्द कागदावर उतरतो. चाल, दम, हेल फितीवरच राहतात. फीत वाजवणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास दुर्मीळ होतील, असा इशारा युनेस्कोच्या सहभागातून २०१९ साली जगभर दिला गेला होता. ते वर्षही आता आले आणि गेले. एखाद्या घरात वा शाळेच्या कपाटात आजीच्या आवाजाचा एक स्पूल असेल, तर तो बहुधा एकदोनदाच नीट वाजेल. त्या वेळी यंत्र ५/६ वेगाचे निघाले आणि कोणी पडताळले नाही, तर नातवंडांच्या संग्रहात आजी म्हणून कोणा परक्या, जाड आवाजाच्या बाईचे गाणे राहील. ते चूक आहे हे सांगणारे तेव्हा कोणी उरले नसेल.

म्हणून प्रत्येकाने एकेक यंत्र घेण्यापेक्षा काही शाळांनी मिळून एकच, पण बाहेरच्या मापाने पारखलेले यंत्र घ्यावे. आणि पारखायला जाताना ‘एक-दोन-तीन’ म्हणणारा गळा नेला नाही तरी चालेल. मोजपट्टी आणि घड्याळ मात्र जरूर न्यावे.