अभिलेख पटल व तरुण वाचक : एक अभिप्राय

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ पासून ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आपले कागद सर्वांस खुले करण्यास आरंभ केला. १८९१ सालीं कलकत्त्यास स्थापन झालेल्या या दफ्तराचे कागद आतां मेहकरच्या विद्यार्थ्यास घरबसल्या मोबाईलवर पाहतां येतात, ही सामान्य सोय नव्हे. तथापि तरुणांस अभिलेखांची गोडी लावण्याचे जे प्रकार सांप्रत चालू आहेत, त्यांविषयीं आमचा अभिप्राय सर्वस्वीं अनुकूल नाहीं.

या प्रकारांचा भर थोर पुरुषांच्या स्वाक्षऱ्या, जुने नकाशे व स्मृतिदिनाचीं चित्रें यांवर असतो. त्यांनीं कुतूहल जागें होतें; पण पुढें काय? आमच्या अनुभवानें विद्यार्थी प्रथम आपल्या गांवाचें नांव शोधतो, आणि तेथेंच अडतो. साखरखेर्डा हेंच उदाहरण घ्या. १७२४ सालीं निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा येथें पराभव केला व गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. फारशी लेखनांत तें शकरखेडा होतें. खुद्द जिल्ह्याच्या नांवांत आज रोमन लिपींत येणारा ‘एच’ १९१० च्या इंग्रजी गॅझेटियरांत नाहीं. शोधयंत्र अक्षरास अक्षर जुळवूं पाहतें. तें जुळलें नाहीं म्हणजे आपल्या गांवास इतिहासच नाहीं, असा ग्रह करून मुलगा परततो. हें अज्ञान कागद बंद असतांनाच्या अज्ञानाहून वाईट, कारण त्यास आतां पुराव्याचा आधार आहे असें वाटतें.

शिवाय वऱ्हाड १८५३ त निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, १९०३ त मध्यप्रांतास जोडलें गेलें व १९५६ त मुंबई राज्यांत आलें. म्हणून या जिल्ह्याचे कागद दिल्ली, नागपूर, हैदराबाद व पुणें येथें विखुरले आहेत. एका पटलावर सर्व सांपडणार नाहीं, हें विद्यार्थ्यास आधींच सांगितलें पाहिजे.

राजवाड्यांनीं १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढिला, तेव्हां कागद नुसता दाखवून ते थांबले नाहींत. मोडीचें बाळबोध केलें, मित्यांचा विचार केला, विस्तृत प्रस्तावना जोडली. आजच्या प्रसिद्धीस उणें आहे तें हेंच. प्रत्येक गांवाच्या जुन्या-नव्या नांवांची सूची व्हावी. दर तालुक्याचा निदान एक मोडी कागद, शेजारीं बाळबोध प्रत व सुहूर-फसली सनांचा मेळ यांसह, शाळांपुढें ठेवावा. हें काम दिल्लीवर सोंपवून भागणार नाहीं. गांवांचीं नांवें ओळखणारे संग्राहक आपल्यांतच आहेत.

ज्या वाड्यांत आज रुमाल बांधलेले आहेत, ते वाडे उद्यां याच मुलांच्या हातीं जावयाचे आहेत. ज्यास आपल्या गांवाच्या कागदांतील एक ओळ स्वतः लागली, तो रुमाल रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं सोडून पाहील. आम्हांस प्रसिद्धीकडून एवढेंच फळ अपेक्षित आहे.