परक्या गावाचे नाव गाताना

संगीत नाटकात परक्या गावाचे नाव आले की गाणाऱ्याची पंचाईत होते. बोलताना ते तोंडातल्या तोंडात उरकता येते. गाताना त्यातला एकेक स्वर लांबवून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. आपल्या जुन्या रूपांतरकारांनी ही कटकट उंबऱ्याबाहेरच ठेवली. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, केळकरांनी शेक्सपिअरच्या कर्कशेची 'त्राटिका' केली. व्हेनिस आणि पाद्वा ही गावे मागेच राहिली. लंडन-न्यूयॉर्कच्या संगीतिकांना मात्र परके गाव परकेच हवे असते. निम्मा रंग त्यातच असतो.

टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर यांची 'एव्हिटा' (लंडन, 1978) घ्या. हुनीन या आडगावची एव्हा राजधानीत येते आणि शहरालाच उद्देशून गाते. ते शहर म्हणजे ब्वेनोस आयरेस. आपण शाळेत 'ब्यूनॉस आयर्स' शिकवतो, ते इंग्रजी अक्षरांवरून बेतलेले. इंग्रज माणूस शेवटी 'एअरीझ' करतो. त्याच गाण्यात तिथल्या रस्त्यांची नावे येतात. त्यांतला फ्लोरिदा हा रस्ता मधल्या 'री'वर जोर देऊन म्हणायचा. जोर पहिल्या अक्षरावर गेला की बिचारी पोरगी थेट अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानात जाऊन पडते! (नुएव्हे दे हूलिओ हा हमरस्ताही गाण्यात आहे. तो 1937 साली खुला झाला आणि एव्हा त्याआधीच शहरात आली होती. पण ही चूक कानाला टोचत नाही, म्हणून ती कोणी काढत नाही.)

यावर कोणी म्हणेल, ती बाई सगळे गाणे इंग्रजीत गाते, मग एका नावापुरता स्पॅनिशचा सोस कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ती स्पॅनिश बोलते आहे आणि आपण तिचे भाषांतर ऐकतो आहोत, असा रंगभूमीवरचा करार असतो. गावाचे नाव हा त्यातला भाषांतर न झालेला शब्द. तोच तिच्या तोंडी परका वाटला तर करार मोडतो. 2006 साली लंडनला हे नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा एव्हाची भूमिका एलेना रोजर या अर्जेंटिनाच्याच नटीला दिली होती. तिला निदान एवढे तरी शिकवावे लागले नसेल.

याचा अर्थ नकाशा उघडून प्रत्येक नाव शुद्ध करावे असा नव्हे. 'किस मी, केट'मध्ये (1948) कोल पोर्टरची मंडळी व्हेनिस आणि पाद्वा ही नावे इंग्रजी वळणाने घेतात, ते बरोबरच आहे. ती इंग्रजीची जुनी, घरची नावे आहेत. आपण बडोदे म्हणतो, इंदूर म्हणतो, त्यात चूक ती कसली? 'चेस'मधला अमेरिकन बुद्धिबळपटू बँकॉकवर तोंडसुख घेतो. तिथले लोक आपल्या शहराला क्रुंग थेप म्हणतात, हे त्याच्या गावीही नाही. त्याचा उच्चार सुधारला तर पात्रच बिघडेल.

खरा पेच 'फिडलर ऑन द रूफ'मध्ये आहे. 1964 सालच्या मूळ इंग्रजी प्रयोगात गावाचे नाव 'अनातेव्का'. गावकऱ्यांना हाकलून लावतात तेव्हा ते हे नाव पुन्हा पुन्हा गातात. शोलेम अलाइखेमने ज्या यिडिश भाषेत हे गाव कल्पिले तिच्यात ते 'अनातेव्के' आहे, आणि 2018 साली न्यूयॉर्कला सबंध नाटक यिडिशमध्ये झाले तेव्हा त्याच चालीवर 'के' आले. चालीला धक्काही लागत नाही, पण गाणे बदलते. 'का'वर आवाज मोकळा सुटतो, गायकाला मिरवायला जागा मिळते; 'के'वर तो आखडतो. जॅरी बॉकने चाल 'का' धरून बांधली हे मान्य. तरी बोचकी बांधून निघालेल्या माणसांच्या तोंडी मला तो आखडलेला 'के'च हवासा वाटतो, मग बाकीचे गाणे इंग्रजीत का असेना.