रायफल ‘दुरुस्त झाली’ हे कशावरून?

कन्हानहून नदीचा पूल ओलांडला की कामठीची छावणी, १८२१ सालची. इकडच्या बऱ्याच पोरापोरींनी एनसीसीत थ्री-नॉट-थ्री हाताळलेली असते किंवा निदान जवळून बघितलेली असते. या रायफलच्या नेमाबद्दल दोन ठाम मतं ऐकायला मिळतात. एक, ‘जुनी झाली, नेम गेला.’ दुसरं आर्मररच्या तक्त्यातलं: लक्षण, कारण, उपाय. दोन्ही तपासून बघू, कारण यातली चूक आपल्या प्रबंधातही शिरते.

पहिलं मत २६ नोव्हेंबर २००८ नंतर जोरात आलं. सीएसटीवर पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होत्या. पण तिथे प्रश्न गोळीबाराच्या वेगाचा होता: एकीकडे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा, समोर स्वयंचलित रायफल. नेम हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकत्र केले की निदान तिथेच फसतं.

शिवाय ‘वय’ हे कारणच नाही. कारण म्हणजे काहीतरी झिजलं, गंजलं किंवा हललं पाहिजे. कॉर्डाइटच्या गरम वायूंनी नळीची आतली सुरुवात खरवडली जाते. पुलथ्रूची दोरी घासून नळीचं तोंड एका बाजूला झिजतं. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, हे मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि नळी गंजते. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणजे नुसती तेलाची चिंदी फिरवलेली रायफल तिच्याहून जुन्या पण नीट धुतलेल्या रायफलपेक्षा खराब असू शकते.

तक्त्याची बाजू इथे भक्कम आहे, कारण त्याच्या प्रत्येक ओळीमागे यंत्रणा आहे. १९०७ च्या मार्क ३ रायफलमध्ये पुढच्या लाकडात एक स्प्रिंग असते, ती नळीला तोंडाजवळ वर रेटते. नळी गोळीबरोबर थरथरते, हे मॅलॉकने १९०१ मध्येच रॉयल सोसायटीत मांडलं होतं. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. दाब बदलला की थरथर बदलते आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरायला लागतात. म्हणून आधी स्क्रू आणि साइट बघा, मग लाकूड, शेवटी नळी. स्वस्त आणि परत फिरवता येणारी तपासणी आधी. हा क्रम प्रयोगशाळेतही पाळावा असाच आहे.

तक्ता कमकुवत पडतो तो पुराव्यात. दुरुस्तीआधी पाच गोळ्या, ग्रुप ४ इंच. नंतर पाच, ग्रुप ३ इंच. झाली दुरुस्त? नाही. काहीही न बदलता पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले तरी त्यांची रुंदी सरासरीच्या साधारण पाव हिश्शाने इकडेतिकडे होते. असा फरक नुसत्या योगायोगानेही सहज दिसतो. त्यातून आधी पाच आणि नंतर तीनच गोळ्या झाडल्या, तर मग बघायलाच नको: ग्रुपची सरासरी रुंदी आपोआप २० टक्क्यांनी कमी भरते, कारण गोळ्या कमी तर टोकं कमी.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दुरुस्तीला कोणती रायफल येते? जिचा ग्रुप नुकताच वाईट पडला ती. तिचा पुढचा ग्रुप बहुतेक वेळा सरासरीकडे सरकणारच, स्क्रू आवळा किंवा नका आवळू. श्रेय मात्र स्क्रूला.

मग काय करायचं? एकाच लॉटची काडतुसं, एकच नेमबाज, खाली टेकू. एका वेळी एकच बदल. दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप, आणि टोकाची दोन भोकं न मोजता प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: केलेला बदल उलटा करून बघा. स्क्रू पुन्हा सैल केला की दोष परत येतो का? आला तर कारण सापडलं. नाही आला तर तुमच्याकडे फक्त एक चांगला दिवस आहे.

हा काथ्याकूट नाही. चुकीच्या निदानाने चांगली नळी भंगारात जाते, किंवा ‘दुरुस्त’ अशी चिठ्ठी लावलेली खराब रायफल पुन्हा कुणा शिपायाच्या हातात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘सुधारणा झाली’ असं वाक्य असेल, तर गाइडने विचारण्याआधी स्वतःलाच विचारा: बदल उलटा करून बघितला का?