शब्दसंख्येचा नियम आणि कथेचा अवकाश : शतशब्दकथेच्या स्पर्धेविषयी काही विचार

१

'लघुकथा' या संज्ञेने मराठीत जो वाङ्मयप्रकार ओळखला जातो, त्याला हिंदीत 'कहानी' आणि गुजरातीत 'टूंकी वार्ता' म्हणतात. या दोन्ही भाषांत 'लघुकथा' म्हणजे अर्ध्या-एक पानाची, काही ओळींतच आटोपणारी कथा. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव ज्या प्रदेशात आहे, तिथे महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा परस्परांजवळ येतात. या सीमा ओलांडताच एका संज्ञेचा अर्थ पालटतो. मराठीत या अतिलहान प्रकाराला दीर्घकाळ सर्वमान्य नावच नव्हते, असे त्यावरून दिसते. अलीकडच्या काळात 'शतशब्दकथा' आणि 'अलक', म्हणजे अति लघुकथा, ही नावे रुळली. आणि ती रुळली ती मुख्यतः हौशी लेखकांच्या स्नेहपूर्ण स्पर्धांमधून. एखाद्या प्रकाराचे नामकरण समीक्षेने न करता स्पर्धेने करावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे. स्पर्धेने नावाबरोबर नियमही दिला, आणि नियमाबरोबर एक काव्यशास्त्रही नकळत दिले. त्या काव्यशास्त्राची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

नेमक्या शंभर शब्दांचा नियम मूळ मराठीतला नाही. इंग्लंडमधील विज्ञानकथाप्रेमींच्या वर्तुळात, बर्मिंगहॅम विद्यापीठातील विज्ञानकथा मंडळात, १९८० च्या दशकात तो रूढ झाला. 'ड्रॅबल' हे त्याचे नाव 'मॉन्टी पायथन' या विनोदी नटसंचाच्या १९७१ मधील एका पुस्तकातून घेतलेले होते. तिथे 'ड्रॅबल' हा एक काल्पनिक खेळ असून जो आधी कादंबरी लिहून पूर्ण करील तो जिंकला, असा त्याचा नियम होता. म्हणजे या प्रकाराच्या जन्मातच खेळ आहे, चढाओढ आहे आणि त्या चढाओढीची थट्टाही आहे.

मराठी परंपरेला हा खेळकरपणा परका नाही. समस्यापूर्तीत एक चरण दिलेला असे आणि त्याच्याशी जुळणारा श्लोक रचायचा असे. कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावण्यांत एका फडाने टाकलेला प्रश्न दुसऱ्याने काव्यातच सोडवायचा असे. दोन्ही ठिकाणी बंधन हे निर्मितीचे निमित्त होते. मात्र एक भेद लक्षात घ्यायला हवा. समस्यापूर्तीतले बंधन वृत्ताचे आणि अर्थाचे होते. ते कानाला जाणवत असे. शंभर शब्दांचे बंधन कानाला जाणवत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजण्यासाठी शब्द कागदावर किंवा पडद्यावर सुटे दिसावे लागतात. हा नियम लेखनाचा आहे, कथनाचा नाही.

३

येथून पहिली अडचण सुरू होते. इंग्रजीत 'इन फ्रंट ऑफ द हाउस' हे पाच शब्द. मराठीत 'घरासमोर' हा एक. मराठीची विभक्ती प्रत्ययांनी साधली जाते आणि प्रचलित लेखननियमांनुसार शब्दयोगी अव्यये जोडून लिहायची असतात. 'तिच्याशिवायसुद्धा' हा मराठीत एकच शब्द आहे. साहजिकच इंग्रजीतील शंभर शब्दांचा आणि मराठीतील शंभर शब्दांचा अवकाश सारखा नाही. मराठी कथेला अधिक आशय मावण्याची सोय आहे. नियम उसना घेताना भाषेचा हा स्वभाव हिशेबात धरला गेला नाही. परिणामी जोडशब्द करून, सामासिक रचना वापरून जागा वाचवण्याची एक युक्तीच तयार होते आणि बोलीच्या जवळ जाऊ पाहणारी कथा विनाकारण संस्कृतप्रचुर होते. 'डोळ्यांत पाणी आलेली आई' या चार शब्दांऐवजी 'साश्रुनयना आई' हे दोन शब्द येतात. शब्दसंख्या घटते, पण आईही दुरावते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. काठी हे ब्रिटिश काळात पश्चिम खानदेशातील मेहवासी संस्थानांपैकी एक होते. आज ते राजवाडी होळीसाठी सर्वत्र ओळखले जाते. गावोगावची पथके ढोल घेऊन येतात, व्रतस्थ नर्तक मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू व दुधी बांधून रात्रभर नाचतात, आणि उंच बांबू उभारून केलेली होळी पहाटे पेटते. या परिसराची भाषा भिली कुलातली आहे. समजा, तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या बोलीत शतशब्दकथा लिहायचे ठरवले. तिला प्रथम ठरवावे लागेल की आपल्या बोलीत शब्द कुठे संपतो. मराठीला महामंडळाच्या नियमांनी दिलेली लेखनव्यवस्था तिच्या बोलीला तितक्या स्थिर रूपात लाभलेली नाही. प्रत्यय जोडायचा की सोडायचा, याचा निर्णय तिचा तिलाच घ्यायचा आहे. आणि त्या निर्णयावर तिची कथा नियमात बसते की नाही हे ठरणार आहे. वरकरणी तटस्थ दिसणारा आकडा असा प्रमाणभाषेच्या बाजूने झुकतो. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाने भिलोरी कविता मुद्रित वाङ्मयव्यवहारात आणली. परंतु कवितेची ओळ तोडण्याचे स्वातंत्र्य कवीकडे असते. शतशब्दकथेत हे स्वातंत्र्य मोजणाऱ्याकडे जाते.

४

आता आकृतिबंधाचा प्रश्न. मर्यादित अवकाशात अर्थ कसा उभा राहतो, याचे किमान तीन मार्ग आपल्या परंपरेत दिसतात. पहिला दृष्टान्ताचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि त्यांची घडण सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक अशी तिपेडी आहे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा येथे काही वाक्यांत संपते, पण तिचा अर्थ बाहेरून, दार्ष्टान्तिकातून पुरवला जातो. खांडेकरांची रूपककथा याच मार्गाचे आधुनिक रूप होय. तिथे दार्ष्टान्तिक गळते, परंतु त्याची अपेक्षा शिल्लक राहते. दुसरा मार्ग ध्वनीचा. हालाच्या 'गाथासप्तशती'तील महाराष्ट्री प्राकृत गाथा दोन ओळींत एक प्रसंग मांडते आणि बोलणारी कोण, ऐकणारा कोण, हे वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा ठेवते. आनंदवर्धनाला ध्वनीची उदाहरणे प्राकृत गाथांत सापडावीत, हा योगायोग नव्हे. मंटोच्या 'सियाह हाशिये' (१९४८) मधील फाळणीची चिमुकली चित्रे याच मार्गाने जातात. न बोललेले तिथे बोललेल्यापेक्षा भीषण असते.

तिसरा मार्ग कलाटणीचा, आणि स्पर्धेतील बहुसंख्य शतशब्दकथांनी तोच स्वीकारलेला दिसतो. नव्व्याण्णव शब्द वाचकाला एका दिशेने न्यायचे आणि शेवटच्या शब्दाने त्याला वळवायचे, ही तिची रीत. फडक्यांच्या 'प्रतिभासाधना'पासून (१९३१) परिचित असलेल्या तंत्रनिष्ठ कथेचे हे संक्षिप्त रूप आहे. गाडगीळ-गोखले-भावे-माडगूळकरांच्या नवकथेने बांधेसूद कथानकाची आणि धक्कादायक शेवटाची जी सक्ती नाकारली, ती येथे मागील दाराने परत आली आहे. याचे कारण लेखकांच्या दुबळेपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. कारण स्पर्धेच्या वाचनस्थितीत आहे. एकापाठोपाठ एक पन्नास कथा वाचणाऱ्या परीक्षकाला ध्वनी ऐकण्याइतका निवांतपणा नसतो. धक्का मात्र तत्काळ पोहोचतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या मुलाची आई होळीच्या आधी त्याचे घुंगरू घासूनपुसून ठेवते, टोपातली मोरपिसे सारखी करते, वाटेकडे पाहते. आणि अखेरच्या वाक्यात कळते की मुलगा गेल्याच वर्षी वारला आहे. या कथेचे मूल्य तपासण्याची एक साधी कसोटी सुचवता येईल : शेवटचे वाक्य पहिले करावे. मुलगा गेला आहे हे आधी सांगितल्यावर उरलेल्या वाक्यांत काही उरते का? उरत नसेल, तर ती कथा नसून कोडे होते. उत्तर कळताच ते संपले. उरत असेल, तर प्रश्न बदलतो. मुलगा परत येणार नाही हे ठाऊक असताना ती घुंगरू का घासते? यंदा ते कोणाच्या कमरेला बांधले जाणार? होळी कोणाही एकासाठी थांबत नाही, हे तिला ठाऊक आहे का? कथा खरे तर येथे सुरू होते. कलाटणीने माहिती दडवली होती. ध्वनी माहिती देऊन टाकतो आणि अर्थ राखून ठेवतो.

५

भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेकडे नियतकालिकांच्या गरजेवर पोसलेला प्रकार म्हणून संशयाने पाहिले आहे. शतशब्दकथेला हा आक्षेप अधिकच लागू होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्नेहस्पर्धेत एक गोष्ट अशी आहे, जी नियतकालिकात नव्हती. येथे लिहिणारे आणि वाचणारे बहुधा तेच असतात. स्पर्धक दुसऱ्याची कथा वाचतो तेव्हा तोच नियम त्याने स्वतः सोसलेला असतो. कोणता शब्द किती कष्टाने वगळला गेला असेल, हे त्याला कळते. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णयन करणारा समुदाय म्हणतात, तो येथे लहान प्रमाणावर घडताना दिसतो. संपादकाच्या पसंतीखाली वाढलेल्या मराठी कथेला असा समान पातळीवरचा वाचक क्वचितच लाभला. म्हणून या स्पर्धांचे फलित त्यांतील विजेत्या कथांत शोधण्यापेक्षा त्यांनी घडवलेल्या वाचनाच्या शिस्तीत शोधणे योग्य ठरेल.

मात्र या समुदायात कोणाला प्रवेश आहे, हे नियम ठरवतो. नियम शब्दांचा असेल तर ज्यांच्या भाषेचे शब्द आधीच मोजून ठेवले आहेत, त्यांनाच तो सोयीचा. त्याऐवजी कथा मोठ्याने सांगायला लागणारा वेळ हे परिमाण मानले, उदाहरणार्थ एक मिनिट, तर मराठी, भिली, पावरी आणि अहिराणी सांगणारे एका पंक्तीला बसू शकतील. लेखनाची पद्धत ज्याची त्याने ठरवावी. बंधन तितकेच कठोर राहील, किंबहुना समस्यापूर्तीप्रमाणे ते पुन्हा कानाला जाणवू लागेल. असे न झाल्यास काठीच्या त्या विद्यार्थिनीला आपली कथा प्रथम प्रमाण मराठीत आणावी लागेल, मगच ती शंभर शब्दांची आहे की नाही हे कोणी सांगू शकेल. कथेच्या लांबीविषयीचा निर्णय असा भाषेविषयीचा निर्णय होऊन बसतो.