दुर्गा गेल्यानंतरची कामं

‘पथेर पांचाली’त दुर्गा मरते तो क्षण पडद्यावर येतच नाही. रात्री वादळ आहे, पोरगी तापाने फणफणली आहे, आई दार रेटून उभी आहे. आणि एकदम सकाळ होते. अंगणात साचलेलं पाणी, झालेली पडझड, मरून उताणा पडलेला एक बेडूक. मधे काय घडलं त्याची जागा सत्यजित रायांनी मोकळी सोडली आहे. १९५५च्या या चित्रपटातल्या मृत्यूविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बहुतेक त्या रात्रीविषयी किंवा आईच्या आकांताविषयी. मला दुर्गेचं जाणं सर्वांत खरं वाटतं ते नंतरच्या किरकोळ कामांत. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वाट्याची कामं मागे राहतात आणि ती कुणाला तरी उचलावी लागतात. राय नेमकं तेच बघत बसतात.

दुर्गेच्या धाकट्या भावापासून, अपूपासून सुरुवात करू. मोठा झालेला अपू आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो फाटक्या पांघरुणाच्या भोकातून, एका डोळ्यापुरता. आणि तो मिटलेला डोळा बोटांनी उघडते दुर्गा. लगेच शाळेची तयारी, भांग पाडणं, आवराआवर, आई आणि बहीण दोघींची लगबग. पोराला स्वतःचं काही करावंच लागत नाही. आता दुर्गा गेल्यानंतरची सकाळ बघा. अपू तळ्याकाठी एकटाच दात घासतो. स्वतःच केस विंचरतो. अंगावर शाल गुंडाळतो, तेलाची बाटली घेतो आणि निघतो. दोन पावलं जातो, थबकतो, आभाळाकडे बघतो, मागे फिरतो आणि छत्री घेऊन येतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, चेहरा जवळून दाखवलेला नाही, कॅमेरा दूरच आहे. सहा-सात वर्षांचा मुलगा पावसाचा अंदाज घेतो, एवढंच घडतं. पण मागच्या पावसात याच मुलाला बहिणीने पदराखाली घेतलं होतं, हे आठवलं की त्या छत्रीचं वजन कळतं. बालपण संपल्याचं इतक्या कमी हालचालींत सांगणारं दुसरं दृश्य माझ्या तरी पाहण्यात नाही.

तो मागचा पाऊस हा या चित्रपटातला सर्वांत देखणा भाग आहे, आणि तिथे घाई करायची नाही. आधी पाऊस नाहीच. तळ्याच्या पाण्यावर लांब पायांचे किडे सरकतात, चतुर भिरभिरतात, कमळाची पानं उलटतात, आणि खाली रविशंकरांची सतार किड्यांच्या पायांइतकीच हलकी चाललेली असते. मग गळ टाकून बसलेला एक टकलू गृहस्थ, आणि पावसाचा पहिला थेंब नेमका त्याच्या टकलावर. प्रेक्षक हसतो. ज्या पावसाने पुढे घर उद्ध्वस्त होणार आहे, त्याचं स्वागत राय हसवून करतात. राग देस. आपल्याकडच्या श्रोत्याला देस म्हटल्यावर जो ओला आनंद आठवतो तोच इथे आहे, पुढच्या दुःखाची जराशीही सावली त्यावर पडू दिलेली नाही. दुर्गा केस मोकळे सोडून त्या सरींत गरगरत राहते. याच्या थोडंसं आधी तिने कुमारिकांचं व्रत केलेलं आहे, मैत्रिणीच्या लग्नात नववधूकडे बघताना तिचे डोळे भरलेले आपण पाहिले आहेत. हे सगळं त्या भिजण्यात आहे. झाडाखाली कुडकुडणाऱ्या अपूजवळ येऊन ती पाऊस थांबावा म्हणून गाणं पुटपुटते, तेव्हा ती पुन्हा लहान मुलगी होते. मोठी होणं आणि लहान होणं एकाच सरीत.

या प्रसंगाचं चित्रीकरण पावसाळ्यात होऊ शकलं नव्हतं. पैसे हाती आले तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. ऑक्टोबरात ढगांची वाट पाहत बसून, आलेल्या अवकाळी सरीत ते उरकलं. दुर्गा झालेल्या उमा दासगुप्ताला बिलगलेला अपू, म्हणजे छोटा सुबीर बॅनर्जी, जो थरथरतो तो अभिनय नव्हे, थंडीच आहे. सुब्रत मित्रांचा कॅमेरा त्या थरथरीजवळ गेला आणि थांबला, हा निर्णय मात्र कलावंताचा.

याच चित्रपटात आणखी एक मृत्यू आहे, म्हाताऱ्या आत्याचा, इंदिर ठाकरुणचा, आणि तो मात्र सगळा दाखवला आहे. बांबूच्या बनात मुलांना ती बसलेली दिसते, दुर्गा तिला हलवते, आणि देह कलंडतो. तिचा लोटा उतारावरून गडगडत पाण्यात जातो. पिकलं पान होतं ते. त्या मृत्यूकडे डोळे उघडे ठेवून बघता येतं, गावाच्या ऋतुचक्रात त्याला जागा आहे. दुर्गेच्या मृत्यूला तशी जागाच नाही, म्हणून त्याला चौकटही मिळत नाही. दोन मृत्यूंच्या मांडणीतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

वादळाच्या रात्रीत मात्र एक खटकतं. फळीवरची गणपतीची मूर्ती हादरते, तो तुकडा जरा जास्तच सांगतो. त्याची गरज नव्हती, कारण खिडकीला लावलेलं गोणपाट ज्या तऱ्हेने फुगतं आणि फडफडतं त्यातच सगळी दहशत आहे. जड पेटी दाराशी ओढून लावणारी आई, सर्वजया, विझू पाहणारा दिवा, आणि ते गोणपाट. वारा हे या दृश्यातलं पात्र आहे, आणि त्याला आत यायला फक्त एक फाटकं कापड आडवं आहे. निश्चिंदिपुरातल्या या घराची डागडुजी पैशांअभावी टळत आली आहे, वडील हरिहर कमाईसाठी परगावी आहेत. दुर्गेला न्यायला नुसता ताप पुरला नसता; हे घर, ही गैरहजेरी आणि हे गोणपाट त्याला मिळालेले आहेत. राय हे वाक्यात बोलत नाहीत, खिडकीतून बोलतात.

मग हरिहर परततो. आल्या आल्या पडझड बघून हळहळतो, मुलांना हाका मारतो. सर्वजया काही न बोलता त्याच्यासाठी पाणी आणून ठेवते, बसायला देते. इथेही कामच. तो पिशवीतून एकेक वस्तू काढतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर आणि शेवटी दुर्गेसाठी साडी. क्रम पाहावा. आधी स्वयंपाकघर, मग देवघर, मग मुलगी. संसाराची पुन्हा मांडामांड चालली आहे. साडी हातात आल्यावर सर्वजया ती तोंडाशी धरते, दातांत दाबते आणि कोसळते. करुणा बॅनर्जींचं तोंड उघडतं, पण आवाज त्यांचा येत नाही. त्या जागी तारशहनाई येते, तार सप्तकात, पटदीप घेऊन.

पटदीप आपल्या कानांना परका नाही. भीमपलासीची सगळी आर्तता, पण निषाद कोमलऐवजी शुद्ध. तो स्वर वरच्या षड्जाला जवळजवळ कापत जातो. तारशहनाई म्हणजे एसराजाला धातूचा कर्णा जोडलेलं वाद्य. ते गजाने वाजतं, त्यामुळे सूर सलग ओढता येतो, आणि कर्ण्यामुळे त्या सुराला मानवी कंठाची धार येते. किंकाळी ऐकली असती तर आपण त्या बाईकडे बघत राहिलो असतो. सुरामुळे आपण तिच्या आत जातो. एवढं संगीत रविशंकरांनी सुमारे अकरा तासांच्या एकाच बैठकीत बांधून दिलं, यावर आजही विश्वास बसत नाही. आणि मग शहाणपण असं की हरिहरच्या वेळी राय हा उपाय पुन्हा वापरत नाहीत. कानू बॅनर्जी मुलीचं नाव घेऊन रडतात ते त्यांच्याच आवाजात, साध्या, फुटक्या आवाजात. आईचं दुःख शब्दांपलीकडे नेलं, बापाचं मातीवर आणून ठेवलं.

राहिलं ते चोरीचं प्रकरण. शेजारणीने दुर्गेवर मण्यांच्या माळेचा आळ घेतला होता, तिने कबूल केलं नव्हतं, आणि आईने तिला केस धरून घराबाहेर काढलं होतं. काशीला जायची बांधाबांध चालू असताना अपूला फळीवरच्या करवंटीत तीच माळ सापडते, कोळी फिरत असलेली. तो धावत जाऊन ती तळ्यात टाकतो. हेही दुर्गेचंच एक काम, तिचं गुपित राखण्याचं, आणि ते आता भावाने उचललेलं.

बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत अपूच्या हाती लागते ती सोन्याची कुंकवाची डबी, आणि तो ती भिरकावतो बांबूच्या बनात. रायांनी दोन्ही गोष्टी बदलल्या. तळ्यामुळे पडद्याला पाणी मिळालं, शेवाळ फाटून पुन्हा जुळताना दाखवता आलं, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण मला दुसरा बदल मोठा वाटतो. सोन्याचा ऐवज म्हटला की गरिबाघरचा मोह आठवतो, किंमत आठवते, चोरी चोरीच राहते. मण्यांची माळ म्हणजे चार आण्यांची हौस. जी पोर लहानपणी, एके काळी आपल्याच असलेल्या बागेतले पेरू म्हाताऱ्या आत्यासाठी गुपचूप आणत होती, तिला एकदा स्वतःसाठी काही हवंसं वाटलं, इतकंच त्या माळेतून कळतं. दुर्गेची बाजू संपूर्ण चित्रपटात कुणी मांडत नाही. ती मांडली गेली ती पटकथेतल्या या एका बदलाने.