मांडीवरची गिटार

वाद्यांच्या दोन जाती असतात. एक जात वाजवणाऱ्याचा रुबाब वाढवते, दुसरी असलेला घालवते. छातीशी गिटार धरून उभा राहिलेला पोरगा जन्मात एक सूर धड लावत नसला, तरी चाळीतल्या चार खिडक्या उघडतात. तीच गिटार खुर्चीत बसून दोन्ही मांड्यांवर आडवी टाका, माणूस गवार निवडायला बसल्यासारखा दिसतो. हवाई बेटांतल्या लोकांनी आपल्या गाण्यासाठी नेमकी ही दुसरी तऱ्हा पसंत केली. तेवढ्यावरून त्यांचे कान तयार असणार, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

या तऱ्हेचं जनकत्व जोसेफ केकुकु या गृहस्थाकडे जातं. ओआहू बेटावरचं लाइए हे त्याचं गाव, जन्म १८७४चा. असं सांगतात, की पोरवयात गिटार वाजवत तो रेल्वेच्या रुळांवरून चालला होता. वाटेत एक लोखंडी बोल्ट सापडला, तो त्यानं तारांवरून घसरवला, आणि तार गायला लागली. आपल्याकडे रुळावर सापडलेला बोल्ट थेट भंगारवाल्याकडे जातो. केकुकुनं पुढे शाळेच्या कारखान्यात नीट पोलादी कांब घडवली. जनकत्वावर इतरही दावे आहेत. त्यांतला एक गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाचा, आणि तो म्हणे मूळचा हिंदुस्थानातला! हे वाचून कोणी विचित्रवीणेची वंशावळ काढायला बसू नये. काचेचा गोळा तारांवर फिरवणारे आपले बीनकार आणि लोखंडी कांब फिरवणारे ते, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे गळा.

कारण या गिटारीवर पडदे नावालाच असतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखे. दिसतात सगळ्यांना, थांबत कोणी नाही. तारा उंच उचललेल्या. डाव्या हातात कांब, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटांना नख्या. कांब केसभर मागे राहिली की सूर उतरला, केसभर पुढे गेली की चढला. दोन तारांवर दोन वेगळे सूर हवे असतील तर कांब तिरकी धरायची, आणि ती तिरकी असतानाच पुढची जागा गाठायची. गर्दीच्या बसमध्ये हातातलं ताक न सांडता तिकीट काढण्याइतकंच ते सोपं.

आता खरा मुद्दा. हवाईयन भाषेत वर्ण मोजून तेरा. पाच स्वर, आठ व्यंजनं. त्या आठांतही एक म्हणजे नुसता घशातला अडखळा. शिवाय कोणताही शब्द घ्या, तो स्वरावरच संपायचा. अशी भाषा गाणाऱ्यांच्या बेटावर हे वाद्य जन्मलं, हे काही उगीच नाही. शब्दाचं शेवटचं ‘आ’ किंवा ‘ओ’ गायकानं सोडलं, की कांब ते अलगद उचलून पुढे नेते. मराठी या वाद्यावर वाजवून पाहा. ‘ठणठणीत’, ‘खडखडाट’, ‘ढळढळीत’... कांब हातातून सुटून पायावर पडेल. आणि ‘ळ’ कुठल्या तारेतून काढणार?

म्हणून पारंपरिक हवाईयन गाणं वाजवणाऱ्याची माझी परीक्षा एकच. त्याला शब्द ठाऊक आहेत का? शब्द ठाऊक असलेला वादक स्वर जिथे लांबतो तिथे घसरतो, आणि ओळ संपली की गप्प बसतो. शब्द न जाणणारा सगळीकडेच घसरतो, केळीच्या सालीवरून घसरावं तसा. वर सतत हात थरथरवतो. हुडहुडी भरलेल्याला कंप म्हणायचं की मलेरिया, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हा उच्छाद फैलावला त्याला कारणं आहेत. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईचा मंडप उभारला गेला आणि अमेरिका या सुरांसाठी वेडी झाली. मग न्यूयॉर्कात बसून समुद्र न पाहिलेले लोकही हवाईयन गाणी पाडायला लागले. १९१६ सालच्या एका गाण्याचं नाव ‘याका हुला हिकी डुला’. त्याचा अर्थ विचारू नका, हवाईतही कोणी सांगणार नाही. चंद्र, माड, गवती घागरा आणि पाकात बुडवलेली गिटार, असा ठरलेला मेनू तयार झाला. पंजाबी ढाब्यावरच्या भाज्यांसारखं झालं. नावं वेगळी, रस्सा एकच.

जगातली बाजारात चाललेली पहिली विजेची गिटार निघाली तीही या वेडापायीच. १९३२ साली रिकनबॅकरच्या कारखान्यात ती तयार व्हायला लागली. अॅल्युमिनियमची ओतीव, वाटोळं छोटं अंग आणि लांब दांडा. नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे चक्क तवा. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. पुढे उभ्यानं केस झटकत जी गिटार जगभर कोकलली, तिची आजी ही अशी मांडीवर पडून अंगाई गाणारी होती. आवाज मात्र असा, की जुन्या तुपाची आठवण यावी. खोड एकच, दिव्यांखाली अंग तापलं की तारा सुरात राहत नाहीत. आज या तव्यांना व्हिंटेज म्हणून मोठा भाव आहे. शौकीन ते काचेच्या कपाटात ठेवतात, फडक्यानं पुसतात, पाहुण्यांना नंबर दाखवतात. वाजवायला मागितला तर चेहरा असा करतात, की जणू आपण त्यावर थालीपीठ लावणार आहोत. वाद्य जुनं असून भागत नाही. त्यावरचं गाणं किती जुनं आणि कुणाचं, ते कळायला हवं.

कारण या गोडव्याखाली जे आहे ते मुळीच गोड नाही. ‘अलोहा ओए’ हे गाणं लिलिउओकलानी यांनी १८७८ साली रचलं, तेव्हा ते प्रेमिकांच्या निरोपाचं होतं. पुढे त्या राणी झाल्या, १८९३ साली त्यांचं राज्य उलथवलं गेलं, १८९५ साली त्या स्वतःच्याच राजवाड्यात कैदेत पडल्या आणि १८९८ साली बेटं अमेरिकेला जोडली गेली. निरोपाचं गाणं राज्याच्या निरोपाचं झालं. मधल्या काळात, १८९६ साली, शाळांतून हवाईयन भाषेचं माध्यमही गेलं. मैफल भैरवीनं संपते, पण इथे भैरवी झाल्यावर घरही गेलं आणि बोलीही गेली! दुसरं एक गाणं आहे, ‘काउलाना ना पुआ’. १८९३ सालचं, एलन प्रेंडरगास्ट यांचं. चाल अशी गोजिरवाणी की पाळण्यावर म्हणावी. अर्थ असा, की परक्या सरकारच्या पैशावर सही करण्यापेक्षा आपल्या भूमीचे दगड खाऊ. हे गाणं हॉटेलातल्या शीतपेयाबरोबर कोणी पाकात घोळून वाजवलं, तर तो सुराचा गुन्हा होतोच, माणुसकीचाही होतो.

वादकांमध्ये सोल होओपिई मोठा. जन्म होनोलुलूचा, १९०२चा. त्याच्या जुन्या तबकड्या ऐकल्या की बोटांची सफाई पाहून टाळी जाते. जॅझ त्यानं मांडीवर बसवलं. पण सलग सहा तबकड्या ऐकल्या, की बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याकडे बघत बसल्यासारखं होतं. कौतुक संपत नाही, भूक संपते. मला त्याच्याहून डेव्हिड ‘फीट’ रॉजर्स जवळचा वाटतो. हा बोटीवर नोकरी करणारा माणूस ‘सन्स ऑफ हवाई’ या मंडळींत वाजवायचा. दोन ओळींच्या मधे चार सूर ठेवायचा, पानात मीठ वाढावं तसे. ते काढून टाका, सगळं जेवण अळणी.

आणि ताउ मो. या कुटुंबानं जग पालथं घातलं. १९४०च्या दशकात काही वर्षं ते कलकत्त्यात राहिले आणि तिथल्या पोरांना ही गिटार शिकवून गेले. बंगाल्यांनी पुढे तिच्यावर रवींद्रसंगीत वाजवलं. मुंबईत व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी सिनेमाची गाणी वाजवली, आणि एके काळी रेडिओवर ‘गिटारवर ऐका’ म्हटलं, की आपल्या आया हातातलं लाटणं थांबवून शब्द ओळखायला लागायच्या. ओळखायच्याही! ब्रिजभूषण काब्रांनी तिला रागदारीला बसवलं. ताउ आणि रोझ मो यांनी १९२९ साली टोकियोत गायलेली गाणी १९८८ साली, ऐंशीच्या घरात असताना, बॉब ब्रोझमन या तरुण वादकाबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती मिळाली तर ऐका. म्हाताऱ्या गळ्याला कापरं आहे, पण गिटार त्याची नक्कल करत नाही की त्याला झाकत नाही. ती शेजारी बसते आणि त्यांचा श्वास संपला की पुढचा शब्द धरते.

१९७८ साली हवाईयन ही तिथली अधिकृत भाषा झाली. शाळांतून ती पुन्हा शिकवली जाऊ लागली. त्या शाळांतली पोरं मोठी होऊन ही गिटार मांडीवर घेतील, तेव्हा त्यांना कुठे घसरायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही. आपण तोवर एवढंच करावं. तबकडी लावावी, चंद्र आणि माड डोळ्यांपुढे आले तर त्यांना बाजूला सरकवावं, आणि शब्द कुठे संपतो ते ऐकावं.