श्रीमंतांच्या भिंती व मॉरिसची कला

कला मूठभरांचीच राहूं नये, असें व्हिक्टोरिया राणीच्या काळचा इंग्रज कवि व नक्षीकार विल्यम मॉरिस आग्रहानें सांगे. त्याचे नक्षीदार कागद व कापडें मात्र धनिकांच्याच भिंती शोभवीत. जेम्स बील या लंडनच्या वकिलासाठीं फिलिप वेबनें १८९२ ते १८९४ च्या दरम्यान ससेक्समध्यें बांधलेलें 'स्टँडन' हें घर याची साक्ष देतें. या विसंगतीवरून मॉरिसला दांभिक ठरविणें सोपें आहे. परंतु तें न्याय्य नाहीं. १८८३ मधील त्याचें 'स्ट्रॉबेरी थीफ' हें कापड पहा. फळें चोरणाऱ्या पक्ष्यांची ही नक्षी उठविण्यासाठीं कापड आधीं निळींत रंगवावयाचें, मग ठशांनीं जागजागीं निळा रंग उडवावयाचा व तेथें तांबडा, पिवळा भरावयाचा. या कामास दिवसच्या दिवस लागत. कारागिरास असा वेळ द्यावा, तर माल महाग होतो. माल स्वस्त करावा, तर कारागिराच्या कामांतील आनंद हरपतो. समाजरचना बदलल्यावांचून हा पेंच सुटणार नाहीं, अशी मॉरिसची खात्री झाली, आणि त्याच वर्षीं तो समाजवाद्यांस मिळाला. धन्याचें वैभव मिरविणाऱ्या भिंतीनेंच नक्षीकारास त्या वैभवाविषयीं असंतुष्ट करावें, यांतच या कलेचा खरा गौरव आहे.